रिकाम्या गाडीचं डिझेल

टेलरबाईच्या नवऱ्याला चोर म्हणणाऱ्या माणसाची जीभ अजून जागेवर होती, याचं कारण एकच. तो शब्द उच्चारला गेला तेव्हा टेलरबाई तिथे हजर नव्हती.

तिला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही परक्या तोंडून. नवऱ्याच्याच कंपनीतल्या एका ड्रायव्हरची बायको पँट आखूड करून न्यायला आली होती. पँट राहिली बाजूला, बाई दारातच घुटमळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काही म्हणा, मला तर खरं वाटत नाही बाई. तुमचे हे डिझेल काढून विकतात म्हणे."

टेलरबाईने ओठात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. टाचण्या तोंडात असताना ओरडणं बरं नव्हे, एवढं भान तिला रागातही होतं.

नवरा घरी होता. पाय पसरून, भिंतीला टेकून चहा पीत होता.

"अहो, काल पंपावर तुम्हाला काय म्हणाले?"

"काही नाही."

"चोर म्हणाले?"

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर?"

"होते सगळे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार?" असं म्हणून त्याने चहाचा घोट घेतला.

गाड्यांच्या आवारात त्याला सगळे 'होयबा' म्हणत. जादा पोती चढवशील का? हो. सुट्टीच्या दिवशी येशील का? हो. आणि तुझ्या टाकीतलं डिझेल तू विकलंस का, असं विचारल्यावर हा शहाणा माणूस 'हो' म्हणाला नाही एवढंच नशीब, पण 'नाही'ही म्हणाला नाही. खाली मान घालून उभा राहिला. मान खाली घातली की लोक काय समजायचं ते समजतात. ज्या माणसाने चुकून घरी आलेला कंपनीचा पाना परत द्यायला सुट्टीच्या दिवशी भर उन्हात पायपीट केली होती, तो चोर! टेलरबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मशीनवर कापड टाकलं, पायात चपला सरकवल्या आणि चालू लागली.

आवारात शिरताना फाटकावरच्या राखणदाराने तिला "बाई, कुठे?" विचारलं, पण तिचा चेहरा बघून तो स्वतःच बाजूला झाला. एका कडेला धुळीने भरलेले ट्रक ओळीने उभे होते, मध्ये पत्र्याच्या छपराखाली कंपनीचा स्वतःचा पंप आणि पंपाला लागून काचेची केबिन. केबिनीत जो बसतो त्याला ड्रायव्हर लोक डिझेलसाहेब म्हणत. चोर म्हणणारा तो हाच. कोणती गाडी किती पिते ते बघणं आणि कोणती गाडी कुठवर आली ते फोनवर विचारत राहणं, ही त्याची दोन कामं.

"माझा नवरा चोर कसा, ते मला समजावून सांगा," टेलरबाई म्हणाली.

डिझेलसाहेबाने समजावून सांगितलं, आणि वाईट म्हणजे चांगलं समजावून सांगितलं. गाडी इथून टाकी काठोकाठ भरून निघते, सिमेंटची पोती लादून. पलीकडच्या डेपोत माल उतरतो, टाकी पुन्हा काठोकाठ भरतात, आणि गाडी रिकामी परत येते. इथे आली की पुन्हा भरायची. म्हणजे जाताना किती लागलं आणि येताना किती, ते आपोआप कळतं.

"जाताना तुमच्या नवऱ्यासारखा हिशेबी ड्रायव्हर सबंध आवारात नाही, हे मीच सांगतो. पण येताना त्याची रिकामी गाडी भरलेल्या गाडीएवढं पिते. बाई, तुम्हीच सांगा, रिकाम्या हाताने चालणारा माणूस ओझंवाल्याएवढा दमतो का?"

"गाडीच बिघडली असेल."

"मिस्त्रीने उलटीसुलटी करून बघितली. टाकी गळत नाही, नळी गळत नाही. गाडी जाताना चांगली आणि येताना बिघडलेली, असं असतं का कधी? मग राहिलं काय? टाकीचं झाकण आणि वाटेत घेणारं गिऱ्हाईक."

त्याच्या बोलण्यात खोट सापडेना, आणि त्यामुळेच टेलरबाई जास्त भडकली. खोटं बोलणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात, बरोबर बोलून चुकणाऱ्याचं काय करायचं?

"मग झाकणाला सील ठोका," ती म्हणाली. "आणि उद्या मी त्यांच्या शेजारी बसून जाते."

"नवऱ्याच्या चोरीला बायको साक्षीदार! वा!"

"साक्षीला सील आहे. मी जाते ते त्यांच्या तोंडात जीभ नाही म्हणून."

एव्हाना पंपावर पाचसहा ड्रायव्हर जमले होते. एकजण फिस्सकन हसला. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं डिझेलसाहेबाला जमेना.

"ठीक आहे. पण सील तुटलं, तर हा उद्यापासून कामावर नाही. आणि याचं नाव मी इतर कंपन्यांनाही कळवणार. कोणी सायकलसुद्धा हातात देणार नाही."

"आणि शाबूत राहिलं तर?"

"तर शब्द मागे घेईन."

"इथेच. या सगळ्यांसमोर," टेलरबाई म्हणाली आणि तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टाकीच्या झाकणातून तार ओवून तिला शिशाचं सील दाबलं गेलं आणि गाडी निघाली. एवढ्या वर्षांत टेलरबाई नवऱ्याच्या गाडीत पहिल्यांदाच बसत होती. घरात हा माणूस म्हणजे सगळा आनंदीआनंद. पाण्याचा तांब्या उचलायचा तर दोन थेंब तरी सांडणारच. आणि इथे बघते तर त्याचे हातपाय दुसऱ्याच कुणाचे असावेत. भरलेला ट्रक त्याने असा हलवला की पुढे ठेवलेली पाण्याची बाटली जागची सरकली नाही.

"हा काटा बघ," तो म्हणाला. गाडीत तो बोलतो, हेही तिला नवीनच होतं. "हिरव्या पट्ट्यात राहिला पाहिजे. इंजिन किंचाळायला लागलं की समजायचं, डिझेल नुसतं जळतंय, गाडीला लागत नाहीये."

लांबवर लाल दिवा दिसला. एक ट्रक हॉर्न वाजवत त्यांना ओलांडून सुसाट गेला. नवऱ्याने मात्र पाय केव्हाच उचलला होता. गाडी आपल्या वजनानेच पुढे जात राहिली, आणि ते दिव्यापाशी पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला. सुसाट गेलेला तिथेच थांबला होता, आता गिअर बदलत, धूर ओकत पुन्हा उठत होता.

"ब्रेक मारला की आधी जाळलेलं सगळं पाण्यात," नवरा म्हणाला. "आणि फार जोरात गेलं तर वारा आडवा येतो. मग इंजिन गाडी ओढत नाही, वारा ढकलत बसतं. तो बघ, एवढा धावला आणि आपल्या शेजारीच आहे."

टेलरबाई त्याच्या पायाकडे बघत राहिली. तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली मशीनच्या पायडलवर दणकन पाय मारतात आणि दोरा तोडतात. हा पाय तसा नव्हता. हा शिकलेला पाय होता. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटला म्हणून डिझेलसाहेबाचा आणखी संताप आला. असल्या माणसाला चोर म्हणतो, मेला!

पलीकडच्या डेपोत पोती उतरली. टाकी भरताना तिथला पंपवाला म्हणाला, "वा, आज तर फारच कमी लागलं." त्याने नवं सील दाबलं. दोघांनी गाडीच्या सावलीत बसून डबा खाल्ला आणि रिकामी गाडी परत फिरली. टेलरबाई मनातल्या मनात डिझेलसाहेबाला ऐकवायची वाक्यं जुळवत होती.

निम्मा रस्ताही सरला नव्हता, तेवढ्यात फोन वाजला. काचेला चिकटवलेल्या खोळीतल्या फोनवर 'घर' अशी अक्षरं उमटली. नवऱ्याने बोट लावलं आणि गाडीभर लेकीचा आवाज घुमला.

"बाबा, कुठवर आलात? ताटं कधी घेऊ?"

आवाज लेकीचा, पण चाल हुबेहूब आईची. 'कुठवर'वर तोच जोर, 'कधी'ला तोच झटका. ऐकून टेलरबाई जराशी चपापली.

"हा काय, अर्ध्या तासात आलोच," नवरा म्हणाला.

टेलरबाईने खिडकीबाहेर बघितलं. अर्धा तास? बाहेर नुसती शेतं होती आणि गाव अजून निदान दोन तास लांब होतं. ती काही बोलणार, तोच तिची पाठ सीटवर आपटली. तो शिकलेला पाय खाली गेला होता. काटा हिरवा पट्टा सोडून लाल पट्ट्याकडे निघाला, इंजिन किंचाळू लागलं, मागचा रिकामा हौदा डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा वाजू लागला. पुढे एक मोटार आली. त्याने ब्रेक मारला, ती बाजूला होताच पुन्हा पाय दाबला. पुन्हा ब्रेक, पुन्हा पाय. पाण्याची बाटली कधीच खाली पडून पायाशी गडगडत होती.

"अहो! हे काय चाललंय?"

"अर्धा तास सांगितला ना तिला."

"मग दोन तास सांगायचे! खरं सांगायला कुणी अडवलं होतं?"

"घरी वाट बघतात गं," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "थोडं ओढलं की होतं."

टेलरबाईने गडगडणारी बाटली पायाने अडवून धरली. रोज दुपार कलली की फोन कोण करतं? ती. कुठवर आलात, असं विचारतं कोण? ती. 'अर्ध्या तासात आलो' ऐकलं की अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून 'कुठाय तुमचा अर्धा तास' असं विचारणारी कोण? तीच. हा वेडा माणूस आधी खोटं सांगतो आणि मग ते खरं करायला गाडी पिटाळतो! एवढी घराची ओढ? तिला रागही आला आणि आत कुठेतरी बरंही वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपल्या एका फोनवर हा जिवावर उदार होतो.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. या वेळी डिझेलसाहेब.

"कुठे आहेस रे? उद्याचा माल आजच लादायचाय. दिवे लागायच्या आत गाडी आवारात पाहिजे."

"पोचलोच साहेब."

आणि पाय आणखी खाली.

"हळू!" टेलरबाई किंचाळली. पाय उचलला गेला. गाडी एकदम शांत झाली, काटा सुतासारखा सरळ होत हिरव्यात आला. आणि त्या शांततेत टेलरबाईचं डोकं चालू लागलं.

आता इथून हा शहाण्यासारखा हळू गेला, तर काय होईल? डिझेल कमी लागेल. आणि डिझेलसाहेब टाळी वाजवून म्हणेल, बघा, बायको शेजारी बसली, झाकणाला सील लागलं, आणि चोरी थांबली. आजचा चांगुलपणाच आधीच्या सगळ्या खेपांची चोरी शाबीत करेल. याला सोडवायचं तर एकच वाट होती. सील शाबूत राहायला हवं आणि डिझेल तरीही संपायला हवं.

"चालवा," ती म्हणाली.

"काय?"

"रोज चालवता तशीच चालवा. थोडीही कमी नको."

"घाबरशील."

"घाबरेन. चालवा म्हणते ना!"

हुकूम मिळाल्यावर तो कधी अडला होता? टेलरबाईने एका हाताने दाराचा दांडा धरला, दुसऱ्याने सीटची कड, आणि डोळे मिटून घेतले. मग डोळे मिटले की जास्त भीती वाटते हे कळून ते उघडले. रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. रोज हा असा येतो. रोज याच रस्त्याने, याच वेगाने, आणि आपण घरी बसून त्याला ताट गार झाल्याचं सांगतो. आपण एक मूर्ख, पण तो काचेच्या केबिनीतला? तो तर पगारी मूर्ख! लवकर ये म्हणून फोन करायचा यानेच, आणि डिझेल कुठे गेलं म्हणून विचारायचंही यानेच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. भीती होतीच, पण संताप त्याहून मोठा होता, आणि संतापाच्या आधारानेच तिने तो रस्ता काढला.

गाडी पंपाशी लागली तेव्हा ड्रायव्हरमंडळी वाटच बघत होती. डिझेलसाहेबाने सील हातात धरून उलटं केलं, सुलटं केलं, तार ओढून बघितली. शाबूत. मग नळी टाकीत गेली आणि पंपाचे आकडे फिरू लागले. रिकाम्या गाडीला जेवढं लागायला हवं तिथे ते थांबले नाहीत. फिरतच राहिले. रोजच्या जागी येऊन थांबले.

"मग गेलं कुठे?" डिझेलसाहेब म्हणाला. खरोखरच त्याला कळत नव्हतं.

"मी जाळलं," टेलरबाई म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. लेकीचा फोन, रोजचा आपला फोन, अर्धा तास, लाल काटा, काही म्हणजे काही ठेवलं नाही. आयुष्यात स्वतःची चूक चार लोकांत कबूल करायची तिची ही पहिलीच वेळ, आणि ते लोकही कसले, तर दिवसभर दुसऱ्याची टिंगल करणारे. "वहिनी, तुमचा फोन म्हणजे आगपेटीच की!" मागून एकजण म्हणाला आणि खसखस पिकली.

"हसा. पण निम्मं मी जाळलं आणि निम्मं यांनी," ती डिझेलसाहेबाकडे बोट करून म्हणाली. "दिवे लागायच्या आत गाडी पाहिजे म्हणून आज फोन कोणी केला? रस्ता तेवढाच, गाडी तीच. मग वेळ कुठून आणायचा त्याने? डिझेलमधूनच ना?"

हसणं थांबलं. असे फोन सगळ्यांनाच येत होते.

"जोरात चालव असं मी कधी म्हटलं नव्हतं," डिझेलसाहेब म्हणाला.

"मीही नव्हतं म्हटलं."

डिझेलसाहेबाने सील खिशात टाकलं, घसा खाकरला. "चोरी नाही. ऐकलंत सगळ्यांनी? चोरी झालेली नाही." मग तो होयबाकडे वळला. "पण जोरात चालवतोस, हे खरं?"

टेलरबाईला वाटलं, आता तरी या माणसाने तोंड उघडावं. तुम्हीच फोन करता, म्हणावं. सगळे ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होते, आणि त्याच्या एका शब्दावर सगळे बोलले असते.

"हो," तो म्हणाला.

"मग ही गाडी तुझ्याकडे राहणार नाही. उद्यापासून आवारातल्या आवारात. गाड्या धुवायच्या जागी लावायच्या, काढायच्या. किल्ली दे."

त्याने किल्ली दिली. टेलरबाई भांडली, हातवारे करून भांडली, फोन करणाऱ्याला काय शिक्षा म्हणून विचारलं. ड्रायव्हर एकेक करून आपापल्या गाडीकडे पांगले. कुणी खाली वाकून टायर बघू लागला, कुणाला एकाएकी काच पुसायची आठवण झाली. डिझेलसाहेब केबिनीत जाऊन बसला होता. काचेतून त्याचा आवाज बाहेर येत होता. "कुठे आहेस रे तू? अजून तिथेच?"

घरी जाताना वाटभर टेलरबाईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. गाडीतला आपला टॉवेल, आरसा आणि डबा एका पिशवीत घालून नवरा तिच्या शेजारून चालत होता.

"फोन दोघांनी केले आणि शिक्षा एकट्याला! हा कुठला न्याय? आणि तुम्ही तिथे गप्प का बसलात? त्या मेल्याला ऐकवायचं होतंत!"

"गाडी मीच पिटाळत होतो ना," तो म्हणाला.

"ते घराच्या ओढीने. माणसाला घराची ओढ असणं हा काय गुन्हा झाला? नुसतं एकदा खरं सांगायचं होतंत, दोन तास लागतील म्हणून. मी काय खाऊन टाकणार होते? का नाही सांगितलंत?"

 गाडी गेली होती, किल्ली गेली होती, आता जाण्यासारखं त्याच्याजवळ फारसं काही उरलं नव्हतं.

"भीती वाटायची," तो म्हणाला.

"त्या साहेबाची? त्या काडीपैलवानाची?"

"त्याची कमी."

टेलरबाई रस्त्यातच थांबली. दुपारपासून हृदयाशी धरलेली ती त्याची घराची ओढ तिच्या हातातून गळून पडली. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं खरमरीत. एवढी वर्षं उन्हातान्हात तुमची वाट बघितली ती काय तुम्हाला घाबरवायला, असं काहीतरी. पण ते बोललं की हा नेहमीसारखी मान खाली घालेल आणि 'काही नाही' म्हणेल, हे तिला स्वच्छ दिसलं. तिने ओठ आवळून धरले. नवरा पुढे जाऊन थांबला होता, तिच्याकडे वळून बघत होता, ती आता काय बोलते याची वाट बघत. ती काहीच बोलत नाही असं पाहून तो गोंधळला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हळूहळू पुढचं सांगायला लागला.